खाली आहे (१६३)

आमचं ऑफिस तळमजल्यावर आहे. लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी आणि ऑफिस तळमजल्यावर, यावर आमच्या सगळ्यांचे विनोद करून झालेत. इमारतीला तळघर नाही, खाली पार्किंगही नाही. फरशी, आणि फरशीखाली माती. पावसाळ्यात ओल येते म्हणून एकदा तीन फरशा उचकटल्या होत्या, तेव्हा मी स्वतः पाहिलंय.

माझं काम माहिती नीट लावून ठेवायचं. आमच्या टीमची एक विकी आहे, म्हणजे कॉम्प्युटरवरची सामायिक वही. कुठली लिफ्ट कशी अडते आणि काय केलं की सुटते, हे ज्याला समजलं त्याने तिथे एक पान उघडून लिहायचं, बाकीच्यांनी ते साइटवर मोबाइलमध्ये वाचायचं. ती वही मी सांभाळते. मला पसारा चालत नाही. घरी डब्यांना, चाव्यांना, लाइटच्या बटणांना, सगळ्याला चिठ्ठ्या आहेत. नवरा म्हणतो, एक दिवस मलाही चिठ्ठी लावशील म्हणजे हरवायला नको. ऑफिसात मला सगळे 'इस्त्री' म्हणतात. दिसली सुरकुती की फिरव. हे नाव काकांनी ठेवलं.

काकांबद्दल सांगायलाच बसलेय, पण आधी नकाशाचं सांगते. ते सांगायला सोपं आहे.

विकीत चारशेच्या वर पानं झाली होती आणि साइटवरच्या माणसाला हवं ते वेळेवर सापडत नव्हतं. साहेब म्हणाले, काहीतरी करा बाई, शुक्रवारी चार वाजता मोठे साहेब येणार, त्यांना दाखवू. मी म्हटलं, होईल. प्रत्येक पानाला लेबलं लावायची: दरवाजा, ब्रेक, दोर, खड्डा. पहिल्या पानावर एक नकाशा टाकायचा. नकाशा ती लेबलं वाचतो आणि आपलं आपण झाड मांडतो. लेबलावर बोट ठेवलं की त्याच्या फांदीवरची पानं उघडतात, आणि लेबलाशेजारी कंसात आकडा, इतकी पानं. त्यात हाताने काही लिहिता येत नाही. पानावर लेबल असेल तर ते नकाशात दिसतं, नसेल तर नाही. मला हे फार आवडलं होतं. मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की याला खोटं बोलताच येत नाही.

सोमवारी संध्याकाळपर्यंत माझी लेबलं लावून झाली. एकूण चौदा. मंगळवारी सकाळी नकाशा उघडला तर पंधरा दिसली.

पंधरावं होतं 'खाली-आहे', कंसात तीन.

मी लावलेलं नव्हतं. तीन पानं उघडून पाहिली. तिन्ही खड्ड्यातल्या कामाची होती, लिफ्टच्या तळाशी असतो त्या खड्ड्याची. पानांच्या तळाशी माझी लेबलं होती आणि त्यांच्या शेजारी हे. मी काढून टाकलं. कुणीतरी गंमत केली असेल, आमच्याकडे रिकामटेकडे कमी नाहीत. दुपारी नकाशा पाहिला तेव्हा कंसात अकरा होते. तीही काढली.

आता काकांचं सांगावंच लागेल, नाहीतर हे लेबल काय ते समजणार नाही.

काका तीस वर्षं खड्ड्यात उतरले. मग त्यांचा डावा कान गेला आणि त्यांना ऑफिसात बसवलं. कानासाठी, हे लक्षात घ्या. कारण खड्ड्यातल्या कामाची एक पद्धत आहे. खाली उतरलेला माणूस हाक देतो, "खाली आहे." आवाज पोचत नसेल तर लोखंडी रुळावर स्पॅनरने तीन ठोके. वरच्या माणसाने उत्तर द्यायचं, "कळलं." उत्तर आल्याशिवाय खालच्याने कामाला हात लावायचा नाही. आणि एकदा 'कळलं' म्हटलं की वरच्याने जागा सोडायची नाही, खालून "वर आलो" ऐकू येईपर्यंत. भूक लागो, फोन वाजो, आग लागो. काका म्हणायचे, हाक देणं सोपं असतं गं, कुणीही देतं. उत्तर देणाऱ्याच्या पायात बेडी पडते. ज्याला उत्तर ऐकू येत नाही त्याला खड्ड्यात पाठवत नाहीत.

तर ते माझ्या शेजारच्या टेबलावर आले आणि एका बोटाने टाइप करत दोन वर्षांत त्यांनी एकशे त्रेसष्ट पानं लिहिली. असं लिहायचे की वाचताना माणूस शेजारी उभा आहे असं वाटावं. "हा स्क्रू रुसलेला असतो, त्याच्याशी भांडू नका, आधी तेल द्या." आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ: "अडलं तर फोन करा. मी जागेवर आहे." खाली नाव नाही. गरज नव्हती, लिहिणाऱ्याचं नाव विकी पानाच्या डोक्यावर स्वतःच दाखवते, बारीक करड्या अक्षरांत.

मग विकी जुन्या जागेवरून नव्या जागेवर न्यायची वेळ आली, ते काम माझ्याकडे. पान जसंच्या तसं हलवायची एक रीत आहे, तिच्यात नाव आणि तारीख टिकते. पण चित्रं असलेलं पान ती हलवेना, मध्येच बंद पडायची, आणि काकांच्या प्रत्येक पानात चित्रं. मी दोन दिवस डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी सरळ नवं पान उघडून मजकूर उचलला आणि चिकटवला. एकशे त्रेसष्ट वेळा. नवं पान जो उघडतो त्याचं नाव डोक्यावर येतं. हे मला माहीत होतं. नंतर दुरुस्त करू म्हटलं. जुनी वही पुसली गेली, आणि ते 'नंतर' काही आलं नाही.

साइटवरची माणसं मला फोन करायला लागली. डोक्यावर माझं नाव, शेवटी 'फोन करा'. मी म्हणायची, थांबा हं, बघून सांगते, आणि खुर्ची सरकवून काकांना विचारायची. ते हातातलं सोडून सांगायचे. मी तेच फोनवर सांगायची. एकदा तिकडचा मेकॅनिक म्हणाला, मॅडम, तुम्ही कधी खड्ड्यात न उतरता इतकं कसं सांगता हो? मी हसले. काकाही हसले, कारण मी हसले. त्यांना पलीकडचं ऐकूच आलं नव्हतं.

मग नवे साहेब आले. त्यांनी विकीकडून यादी काढली, कोणी किती पानं लिहिली. मीटिंगमध्ये मोठ्याने वाचली. माझ्या नावापुढे दोनशेच्या वर. काकांच्या नावापुढे शून्य. साहेब म्हणाले, दोन वर्षांत एकही नाही? काका माझ्याकडे आणि साहेबांकडे डावा कान करून बसले होते. त्यांना तो आकडा ऐकू गेला नसावा. ते साहेबांकडे बघून मान हलवत होते. दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. गिळायला फार सोपे जातात.

पुढच्या आठवड्यात काकांना परत साइटवर पाठवलं. टेबल आवरताना ते म्हणाले, कंपनीला खड्ड्यात माणसं कमी पडत असतील. मला बढती मिळाली. आयत्या बिळावर नागोबा.

तिसऱ्या दिवशी त्यांचे तीन मेसेज आले, लागोपाठ. "इस्त्री." "आहेस का?" "जागेवर आहेस का?" मी तिन्ही वाचले. यादीतल्या शून्याचं कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, दुसरं काय. मी उत्तर दिलं नाही. उद्या देऊ म्हटलं.

अकराव्या दिवशी काका खड्ड्यात असताना लिफ्ट खाली आली. फार नाही, दोन फूट. वरचा मेकॅनिक म्हणाला, मला हाक आली नाही, ठोकेही नाहीत, मशीनचा आवाज होता. काकांना विचारून उपयोग नव्हता. डोक्याला मार, अर्धं अंग गेलेलं, वाचा बंद. याला आता अकरा महिने झाले. त्या अकरा महिन्यांत मी एकदाही त्यांच्या घरी गेले नव्हते.

म्हणून मंगळवारी ते लेबल पाहिलं तेव्हा मी गंमत आहे असं म्हटलं खरं, पण मनातून ते पटलं नव्हतं.

बुधवारी आकडा अठ्ठेचाळीस होता. लेबल कुणी लावलं आणि किती वाजता, याची नोंद प्रत्येक पानाला असते. मी ती उघडली. सगळीकडे माझंच नाव होतं. वेळ दहा चाळीस. अठ्ठेचाळीस पानांवर तेच, एकाच मिनिटात. बुधवारी दहा चाळीसला मी साहेबांच्या केबिनमध्ये उभी होते, हातात वही, समोर चारजण.

मी पासवर्ड बदलला. आमच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने बराच वेळ खाटखूट केलं आणि म्हणाला, तुमच्याच मशीनवरून लागलंय. मी म्हटलं, मी इथे नव्हते. तो म्हणाला, बाई, तुम्हीच लावता आणि तुम्हीच मला बोलावता. मग जरा हसून म्हणाला, सुट्टी घ्या चार दिवस. तो गेल्यावर मी बसून एकेक लेबल काढलं. अठ्ठेचाळीस. काढताना लक्षात आलं की सगळी पानं त्यांची होती. माझ्या स्वतःच्या एकाही पानाला ते लागलेलं नव्हतं. विकीच्या लेखी ती सगळी माझीच होती, कुठलं खरंच कुणाचं हे जगात दोन माणसांना माहीत होतं. त्यांतला एक अंथरुणावर पडून होता.

गुरुवारी मी दहा वाजून अडतिसाव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले. शेजारीण म्हणाली, काय गं, ध्यान लावलंस की काय. मी म्हटलं, डोकं दुखतंय. दहा पंचेचाळीसला पुन्हा चालू केला.

खाली-आहे, कंसात एकशे त्रेसष्ट.

शेजारिणीने वाकून पाहिलं. हे काय गं? मी म्हटलं, टेस्टिंग. इतकं पटकन बोलले की माझं मलाच नवल वाटलं. उद्या चार वाजता हा नकाशा भिंतीवर लागणार होता, मोठ्या साहेबांसमोर, आणि कुणीही त्या लेबलावर बोट ठेवून विचारणार होतं, हे काय आहे बाई, ही इतकी पानं कुणाची?

मी मोबाइल काढून ते जुने मेसेज पाहिले. पुसले नव्हते मी. पुसायचं धाडस झालं नाही आणि उत्तर द्यायचंही नाही. तिन्हींच्या खाली वेळ होती. दहा चाळीस, दहा चाळीस, दहा चाळीस.

शुक्रवारी सकाळी अर्धी रजा टाकली आणि काकांच्या घरी गेले.

दुसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. काका मुद्दाम म्हणायचे, घरी तरी जिना असू दे. दार काकूंनी उघडलं. त्यांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "तू इस्त्री ना?" मला वाटलं आता त्या तोंडावर दार लावतील, आणि लावलं असतं तर मी त्यांचे उपकार मानले असते. पण त्यांनी हात धरून आत नेलं. पाणी दिलं. सांगत राहिल्या, की हे रोज घरी येऊन तुझंच सांगायचे, माझ्या कागदांना वळण लावलं त्या पोरीने म्हणायचे. मी ग्लास दोन्ही हातांत धरून बसले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण उगाच म्हणतो. तेव्हा मी खरंच फरशीकडे बघत होते.

काका आतल्या खोलीत होते. लोखंडी खाट, खिडकीला पांढरा पडदा, उशाशी औषधांच्या बाटल्या आणि एक स्टीलचा चमचा. माणूस निम्मा झाला होता. डोळे उघडे, वर छताकडे. मी "काका" म्हटलं. काही नाही. काकू म्हणाल्या, ओळख पटत नाही कुणाची. डावा हात तेवढा हलतो. आणि मग अगदी सहज म्हणाल्या, जसं दूधवाला कधी येतो ते सांगावं, की सकाळी एकदा चमच्याने खाटेवर वाजवतात, रोज, तेवढाच चाळा, डॉक्टर म्हणाले नसांची सवय असते, वाजवू द्या.

मी विचारलं, किती वाजता?

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "होतीलच आता."

दहा चाळीसला त्यांचा डावा हात सरकला. चमचा उचलला. खाटेच्या दांड्यावर तीन ठोके दिले, सावकाश, मोजून. मग त्यांनी मान वळवली, इतकी की मला वाटलं दुखेल. उजवा कान वर केला. आणि थांबले.

ऐकत होते.

काकू म्हणाल्या, "असे पंधरा-वीस मिनिटं राहतात बघ. मग दमून झोपतात."

अकरा महिने.

मी खाटेपाशी वाकले. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. मला म्हणायचं होतं, काका, ती पानं तुमची आहेत, मी चोर आहे. ते आलं नाही. जे आलं ते म्हटलं.

"कळलं."

चमचा त्यांच्या हातातून सुटला. चादरीवर पडला, आवाज झाला नाही. मान सरळ झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वर पाहिलं, छताकडे, जिथे मी असायला हवी होते. आणि चेहरा सैल पडला, आपल्या खुर्चीत बसून चहा पिताना असायचा तसा.

काकू पदर तोंडाला लावून रडत होत्या. म्हणाल्या, थांब ना गं थोडी, जेवून जा. मी म्हटलं, चार वाजता काम आहे, महत्त्वाचं, आणि त्यांना माझा नंबर दिला. पायातली चप्पल सरकवताना मला ती पद्धत आठवली, शब्दन् शब्द आठवली. तरी मी जिना उतरले.

रस्त्यावर मोबाइलमध्ये नकाशा उघडला. चौदा लेबलं. पंधरावं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी कोपऱ्यावर उभी राहून हसले. सुटले, असं मोठ्याने म्हणालेही.

चार वाजता नकाशा भिंतीवर लागला. मोठे साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. मी दरवाजावर बोट ठेवलं, फांदी उघडली. ब्रेकवर ठेवलं. ते मान हलवत होते. तेवढ्यात मोबाइल थरथरला. काकूंचा फोन. मी तो उलटा ठेवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी माफ करा म्हणून बाहेर पॅसेजमध्ये आले.

काकू हसत होत्या की रडत होत्या समजेना. "अगं, हे बोलले. उठून बसलेत. आपले आपण. मला म्हणाले, वर कोण आहे? मी म्हटलं, तुमची इस्त्री आहे. तर विचारतायत, जागेवर आहे ना? सारखं तेच विचारतायत गं. काय सांगू?"

पॅसेजच्या काचेतून आतली भिंत दिसत होती. नकाशा, आणि त्याखाली माझं नाव.

अर्ध्या तासाचा रस्ता होता. मी म्हणू शकले असते, त्यांना सांगा, जागेवर नाही, खाली उतरू नका, मी येतेय.

"आहे म्हणून सांगा," मी म्हटलं.

आत गेले तेव्हा आमचे साहेब सांगत होते की यातली निम्मी पानं या एकट्या बाईंची आहेत. टाळ्या वाजल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं.

"थँक यू," म्हणाले.

मग मोठ्या साहेबांनी भिंतीकडे बोट केलं आणि विचारलं, हे कसलं लेबल? सगळ्यात खाली एक नवं होतं. 'जागेवर', कंसात एक. मी त्यावर बोट ठेवलं. फांदीवर एकच पान उघडलं: माझं स्वतःचं, फोटो आणि हुद्दा असतो ते. लेबल लावणाऱ्याचं नाव माझं. वेळ चार वाजून बावीस मिनिटं. मी तेव्हा पॅसेजमध्ये होते.

काकूंचा पुन्हा फोन आला तो पाच वाजता. आवाज अगदी शांत होता. मी "आहे" म्हटल्याचं त्यांनी काकांना सांगितलं. काका म्हणाले, बरं, मग उतरतो. खाटेवरून पाय खाली सोडले, अकरा महिन्यांनी. पाय फरशीला टेकले आणि तसेच बसल्या बसल्या गेले.

मी सगळ्यांना सांगितलं. लगेच नाही, तीन आठवडे लागले. वरातीमागून घोडं. साहेबांसमोर उभी राहून सांगितलं, की ती पानं माझी नाहीत, त्यांची आहेत, मी चिकटवली, मला माहीत होतं, मी गप्प बसले आणि म्हणून ते खड्ड्यात गेले. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, बाई, वाईट वाटून घेऊ नका, अशा चुका होतात. शेजारीण म्हणाली, मला वाटलंच होतं, पण आता काय. कुणी ओरडलं नाही. कुणीतरी ओरडायला हवं होतं. मी प्रत्येक पान उघडून वर काकांचं पूर्ण नाव लिहिलं. काकूंना सांगायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, तू होतीस म्हणून ते शेवटी निर्धास्त होते गं. जे सांगायला गेले होते ते त्यांना मी सांगू शकले नाही.

'जागेवर' लेबल अजून आहे. काढता येत नाही. कॉम्प्युटरवाल्याने दोनदा प्रयत्न केला आणि आता तो त्याबद्दल बोलत नाही. मला दुसरीकडून नोकरीसाठी विचारणा झाली, मी नको म्हटलं. सुट्टीच्या दिवशीही सकाळी येते. नवरा आधी चिडायचा, आता डबा करून देतो. मी त्याला इतकंच सांगितलंय की 'वर आलो' ऐकू आलं की थांबेन.

दहा चाळीसला माझ्या टेबलाच्या लोखंडी पायातून तीन ठोके येतात. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाहीत. पहिल्या दिवशी ते अगदी पायाशी आले, बुटाने कुणी टेबलाला ठोकावं तसे. मी वाकले आणि हळूच 'कळलं' म्हटलं. तेव्हापासून रोज म्हणते. पण ते रोज थोडे लांबून येतात. काका अजून उतरतायत.

आज ऐकायला मला फरशीला कान लावावा लागला.